कार्यक्रम-नियोजनातला पहिला अनुभव : कुठे मिळवावा, कसा मिळवावा

इव्हेंट मॅनेजमेंटच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांची नेहमीची तक्रार अशी असते, की प्रत्येक कंपनी अनुभव मागते आणि तो मिळवण्याची संधी मात्र कुणी देत नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ही तक्रार अर्धीच खरी आहे. जिथे जवळजवळ प्रत्येक पेठेत आणि चाळीत गणेश मंडळ आहे, प्रत्येक महाविद्यालयात स्नेहसंमेलन होते आणि तुळशीचे लग्न लागले की मंगल कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात, तिथे शिकण्याच्या जागा मुबलक आहेत. कमी पडते ती कोणत्या जागी काय शिकायचे याची जाण. पुढील मार्गदर्शन पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या, किंवा दुसरी नोकरी सांभाळून या व्यवसायाकडे वळू इच्छिणाऱ्या वाचकासाठी आहे आणि त्यात साधारण एका वर्षाचा काळ गृहीत धरला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे. या व्यवसायात नवख्याचे लक्ष रंगमंच, सजावट आणि पाहुण्यांचे स्वागत यांकडे जाते. पण कार्यक्रम फसतो तो बहुधा मालाचा टेम्पो अडकणे, विजेचा भार न पेलणे, जेवणाचा आकडा चुकणे किंवा परवानगीचा कागद वेळेवर हाती नसणे यांमुळे. म्हणून अनुभव मिळवताना मुद्दाम पडद्यामागची, कमी आकर्षक कामे मागून घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे.

वर्षाचा हंगाम आधी समजून घ्या

हा व्यवसाय पंचांगावर आणि आर्थिक वर्षावर चालतो. लग्नाचे मुहूर्त तुळशीविवाहानंतर सुरू होतात आणि आषाढ लागेपर्यंत, मधला काही काळ वगळता, चालू राहतात. चातुर्मासात मंगल कार्यालये बरीच मोकळी असतात आणि पितृपंधरवड्यात तर शुभकार्याचे काम जवळजवळ थांबते. भाद्रपदात गणेशोत्सव, आश्विनात दांडिया आणि त्यानंतर दिवाळी पहाटेचे कार्यक्रम येतात. डिसेंबर आणि जानेवारीत शाळा-महाविद्यालयांची संमेलने असतात, तर कंपन्यांच्या विक्रेत्यांच्या बैठका आणि पुरस्कार समारंभ मार्चअखेरच्या आत उरकण्याकडे कल असतो.

यावरून तुमचा क्रम ठरतो. जून-जुलैत मंडळाशी जोडून घ्यावे, दिवाळीनंतर मंडपवाले, साउंडवाले किंवा केटरर यांच्याकडे काम पाहावे, आणि हिवाळ्यात, जेव्हा कंपन्यांना माणसे अपुरी पडतात, तेव्हा रनर (कार्यक्रमाच्या जागी धावपळीची कामे करणारा मदतनीस) म्हणून जावे. पुरवठादाराशी बोलणी मात्र आधीच करावीत. ऐन लग्नसराईत एखाद्या केटररला ‘मला शिकवाल का’ असे विचारायला गेल्यास तो दोन मिनिटेही देऊ शकणार नाही. तेच ऑगस्टमध्ये गेल्यास तो चहा पाजून बोलत बसेल.

मंडळ आणि महाविद्यालय

सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ पासूनची परंपरा आहे आणि आजही मराठी माणसाला कार्यक्रम उभा करायला शिकवणारी ती सर्वांत मोठी शाळा आहे. मात्र मंडळात नुसते दहा दिवस मांडवात बसून काही हाती लागत नाही. अध्यक्षांना किंवा कार्यवाहांना भेटून एकच ठराविक काम मागावे, आणि शक्य असल्यास ते परवानग्यांचे असावे. रस्त्यावर मांडव घालण्यासाठी महापालिकेची परवानगी, पोलीस ठाण्याची आणि वाहतूक शाखेची मान्यता, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी, ही सगळी कागदपत्रे जमवताना शहर कसे चालते ते कळते. अनेक महापालिकांनी यासाठी एक खिडकी योजना सुरू केलेली असली, तरी अर्जासोबत जोडायचा मांडवाचा नकाशा, रस्त्याची रुंदी आणि रुग्णवाहिकेसाठी सोडायची मोकळी जागा ही माहिती अर्जदारालाच द्यावी लागते. परवानग्यांची एक फाइल स्वतःच्या हाताने पूर्ण केलेला उमेदवार कंपनीच्या मुलाखतीत इतरांपेक्षा वेगळा उठून दिसतो, कारण हे काम बहुतेकांना कंटाळवाणे वाटते.

परवानगीचे काम आधीच कुणाकडे असेल तर हिशेब मागावा. वर्गणी किती आली, जाहिरातीच्या कमानींचे किती मिळाले, मूर्ती, मांडव, रोषणाई आणि मिरवणूक यांवर किती गेले, हे एका वहीत मांडणे म्हणजे अंदाजपत्रकाचा पहिला धडा होय.

महाविद्यालयात असाल तर संमेलनाच्या समितीत जाणे सोपे असते, आणि मुंबईतील मूड इंडिगो किंवा मल्हारसारख्या मोठ्या महोत्सवांमध्ये विद्यार्थीच प्रायोजक मिळवण्यापासून कलाकारांच्या प्रवासापर्यंतची कामे करतात. तरीही मला एकांकिकेच्या रंगमंचामागचे काम अधिक मोलाचे वाटते. पुण्यात १९६३ पासून होत असलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत नेपथ्य लावणे, प्रयोग करणे आणि रंगमंच रिकामा करून देणे हे सारे घड्याळाच्या धाकात होते. दिव्याचा आणि संगीताचा प्रत्येक संकेत कागदावर लिहिलेला असतो आणि तो चुकला तर सबब चालत नाही. कॉर्पोरेट कार्यक्रमांत ज्याला क्यू शीट म्हणतात, ते याहून फारसे वेगळे नसते. व्यावसायिक नाटकाचा मुक्काम तुमच्या गावी असेल तर प्रयोगाच्या काही तास आधी नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी जाऊन, व्यवस्थापकाच्या परवानगीने, बसमधून सामान उतरवून सेट कसा उभा राहतो ते एकदा तरी पाहावे. नाट्यगृहे सकाळ, दुपार आणि रात्र अशा सत्रांनी दिली जातात; त्यामुळे एक प्रयोग संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या वेळात ही मंडळी जे करतात, त्यातून वेळेचे नियोजन शिकता येते.

पुरवठादाराकडे एक हंगाम

नवोदितांनी सर्वाधिक वेळ द्यावा ती पायरी ही, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. इव्हेंट कंपनी स्वतः फार थोड्या गोष्टी बनवते. मांडव, ध्वनी, प्रकाश, जेवण, फुले, वाहने हे सर्व ती इतरांकडून घेते. या मंडळींचे काम आतून पाहिलेले नसेल, तर त्यांनी दिलेला दर वाजवी आहे की फुगवलेला, आणि ‘होऊन जाईल साहेब’ या आश्वासनावर कितपत विसंबावे, हे कधीच ठरवता येत नाही.

मंडपवाल्याकडे सर्वांत आधी मोजमाप शिकावे. जागेवर जाऊन टेपने मोजणे, खांब कुठे येतील ते ठरवणे, जमिनीत खड्डे घेण्याची मुभा आहे की वजने ठेवून उभारणी करावी लागेल हे विचारणे, टेम्पो आत किती लांबपर्यंत येतो ते पाहणे, या सगळ्याला व्यवसायात रेकी म्हणतात. श्रोते नुसत्या खुर्च्यांच्या ओळींत बसणार असतील, तर येण्याजाण्याच्या वाटा धरून माणशी साधारण आठ ते दहा चौरस फूट जागा लागते. गोल टेबलांची मांडणी असेल तर पाच फुटी टेबलाभोवती आठ आणि सहा फुटी टेबलाभोवती दहा माणसे बसतात, आणि वाढप्यांच्या वाटेसह जागा बरीच जास्त लागते. हे आकडे तोंडपाठ असले, की ग्राहकाने ‘या हॉलमध्ये चारशे लोक बसतील ना’ असे विचारल्यावर उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही.

साउंड-लाईटवाल्याकडे विजेचे गणित शिकावे. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. समजा रंगमंचावर हजार वॅटचे २० दिवे आहेत. त्यांचा भार २० किलोवॅट झाला. तो सगळा एकाच फेजवर (पुरवठ्याच्या तीन वाहक तारांपैकी एकीवर) टाकला तर २३० व्होल्टला सुमारे ८७ अँपिअर विद्युतप्रवाह होतो, आणि सामान्य सभागृहाची जोडणी तो पेलत नाही. तीन फेजमध्ये वाटला तर प्रत्येकी सुमारे २९ अँपिअर येतात. जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये (किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये) सांगितली जाते, म्हणून ६२.५ केव्हीएचा जनरेटर ०.८ च्या पॉवर फॅक्टरने (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेच्या प्रमाणाने) जास्तीत जास्त ५० किलोवॅट देतो हेही ठाऊक हवे. त्यातही पूर्ण भार टाकायचा नसतो. ध्वनीची आणि दिव्यांची जोडणी शक्यतो वेगळी ठेवतात, नाहीतर दिवे मंद-तेज करताना स्पीकरमधून गुणगुण येऊ शकते. तारा कोण जोडतो, अर्थिंग कोण तपासतो आणि कार्यक्रम चालू असताना वितरण पेटीजवळ कोण उभा राहतो, हे तीन प्रश्न विचारायची सवय इथेच लागते.

केटररकडचे शिक्षण निराळ्या प्रकारचे असते. लग्नाच्या जेवणाचा हिशेब ताटांवर चालतो. केटरर किमान ताटांची हमी मागतो आणि त्याहून कमी माणसे जेवली तरी हमीचे पैसे घेतो. यजमान मात्र निमंत्रणपत्रिकांच्या संख्येवरून आकडा सांगतो, आणि गोंधळ इथून सुरू होतो. मुहूर्ताची वेळ, वार, कार्यालय गावात आहे की हमरस्त्यावर, त्याच दिवशी किती मुहूर्त आहेत, मुलाकडची मंडळी किती आणि ती कुठून येणार, या सर्वांवर प्रत्यक्ष जेवणारांची संख्या अवलंबून असते. दुपारी साडेबाराचा मुहूर्त असेल तर अक्षता पडताच सगळे एकदम जेवायला निघतात आणि बुफेच्या मेजांवर एकाच वेळी गर्दी होते. संध्याकाळच्या स्वागतसमारंभात तीच माणसे दोन-अडीच तासांत विखुरलेली येतात. संख्या सारखी असली, तरी पहिल्या प्रसंगी मेजे आणि वाढपी दोन्ही अधिक लागतात. हे पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही. वाढप्यांच्या मुख्याबरोबर चार-सहा कार्ये काढली की आपोआप अंगवळणी पडते. उरलेल्या अन्नाचे काय करायचे, ताटे कोण मोजणार आणि ती मोजणी यजमानाच्या कोणत्या नातेवाइकासमोर व्हावी, या किरकोळ वाटणाऱ्या बाबींवरूनच शेवटी पैशांचे वाद होतात. ताटमोजणीला मुलाकडचा एक आणि मुलीकडचा एक असे दोन शांत स्वभावाचे काका निवडावेत, असा सल्ला जुने मॅनेजर देतात, आणि तो पटण्यासारखा आहे.

या मंडळींकडे काम मिळवायचे तर अर्ज आणि बायोडाटा पाठवून उपयोग होत नाही. जवळच्या मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला भेटावे; कोणता पुरवठादार शिस्तीचा आहे हे त्याच्याइतके कुणालाच माहीत नसते. पुरवठादाराला सांगताना स्पष्ट बोलावे, की मला हे काम शिकायचे आहे, पूर्ण हंगामभर येईन, सामान उचलायला लाज वाटणार नाही, आणि हिशेब, याद्या, फोन ही कामे चांगली जमतात. बहुतेकांकडे कारागीर असतात, पण लिहिण्याचे काम करणारा माणूस नसतो. मजुरी हेल्परच्या दराने मिळाली तरी ती घ्यावी. फुकट काम करणाऱ्याला कुणी जबाबदारी देत नाही.

मोठ्या महोत्सवांत स्वयंसेवक म्हणून

पुण्यात १९५३ पासून होणारा सवाई गंधर्व महोत्सव (आता सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव), मुंबईतला काळा घोडा कला महोत्सव, पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात भरणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, तसेच दरवेळी वेगळ्या गावी भरणारे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अशा ठिकाणी मनुष्यबळाची मोठी गरज असते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना तिथल्या महाराष्ट्र मंडळाची वाट खुली आहे; उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दर दोन वर्षांनी होते आणि त्याचा डोलारा प्रामुख्याने स्वयंसेवकच सांभाळतात.

इथे विभागाची निवड महत्त्वाची ठरते. प्रवेशद्वार, कलाकारांची ने-आण, ग्रीन रूम (कलाकारांची तयारीची खोली) आणि निवासव्यवस्था हे विभाग शिकवतात. प्रेक्षागृहात पाहुण्यांना जागा दाखवण्याच्या कामात कार्यक्रम पाहायला मिळतो, एवढेच. साहित्य संमेलन गावोगावी फिरते, म्हणून स्थानिक समितीला दरवेळी सगळे नव्याने उभारावे लागते. ते तुमच्या जिल्ह्यात येणार असल्याचे कळताच काही महिने आधी संयोजकांशी बोलावे.

नियम आणि सुरक्षितता

या विषयाकडे नवखे लोक सर्वांत उशिरा वळतात, म्हणून तो स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि शांतता क्षेत्रात ती आणखी कमी आहे. एके काळी रात्रभर रंगणाऱ्या सवाईच्या मैफलींनाही आपले वेळापत्रक या नियमात बसवावे लागले. मग तुमच्या ग्राहकाच्या संगीतसंध्येला निराळा न्याय मिळणार नाही, हे त्याला आरंभीच सांगणे तुमचे काम आहे. त्याखेरीज अन्नपदार्थ देणाऱ्याकडे एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना आहे का, मद्य असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा परवाना घेतला आहे का, नाटकाचा प्रयोग असल्यास संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आहे का, आणि व्यावसायिक कार्यक्रमात ध्वनिमुद्रित गाणी वाजणार असतील तर हक्कधारकांची परवानगी घेतली आहे का, ही यादी नेहमी हाताशी असावी.

कागदांपेक्षाही गंभीर बाब माणसांच्या जिवाची आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उन्हाचा त्रास होऊन दहाहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. तो सोहळा एप्रिलमध्ये, भर दिवसा आणि प्रचंड गर्दीत झाला होता. कार्यक्रमाची वेळ, सावली, पिण्याच्या पाण्याची ठिकाणे, बाहेर पडण्याचे मार्ग, वैद्यकीय पथक कुठे उभे राहील आणि रुग्णवाहिका गर्दी न भेदता कशी निघेल, हे प्रश्न नियोजनाच्या पहिल्याच बैठकीत यायला हवेत. अनुभव घेत असताना प्रत्येक जागेचा साधा नकाशा स्वतः काढून त्यावर बाहेर पडण्याची दारे आणि अग्निशामके दाखवण्याचा सराव करावा. दार कागदावर असते आणि प्रत्यक्षात त्यासमोर खुर्च्यांची चळत लावलेली असते, असे वारंवार आढळते. ते हटवून घेणे हेही कामच आहे.

कंपनीत रनर म्हणून

एवढ्या तयारीनंतर इव्हेंट कंपनीचे दार ठोठावावे. सुरुवातीचे काम दिवसाच्या मोबदल्यावर असते आणि त्याला रनर, क्रू किंवा प्रॉडक्शन असिस्टंट म्हणतात. काम स्वीकारण्यापूर्वी रोजचा दर, तास, रात्रीच्या प्रवासाची सोय, जेवण आणि पैसे कधी मिळणार, हे व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी घ्यावे. या क्षेत्रात फ्रीलान्सरचे पैसे रखडण्याची तक्रार जुनी आहे. धर्मादाय उपक्रमासाठी एखादे काम विनामूल्य करण्यास हरकत नाही, पण तिकीट लावलेल्या किंवा कंपनीने पैसे मोजलेल्या कार्यक्रमात ‘अनुभव मिळेल’ एवढ्याच बोलीवर राबू नये.

कार्यक्रमाच्या जागी वॉकी-टॉकीवर मोजके बोलावे, मिळालेला निरोप परत म्हणून दाखवावा, आणि काम झाले की ‘झाले’ असे कळवावे. हे न कळवणारे फार असतात. ग्राहकाशी थेट बोलणे वरिष्ठांवर सोडावे.

पदविका अभ्यासक्रमाविषयी अनेक जण विचारतात. तो घेतल्याने शब्दसंग्रह आणि ओळखी मिळतात, कधी कधी इंटर्नशिपही मिळते. परंतु मोठी फी भरण्यापूर्वी संस्थेने मागील वर्षी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कोणत्या कार्यक्रमांवर पाठवले ते माजी विद्यार्थ्यांकडून विचारून घ्यावे.

नोंदी

प्रत्येक कामानंतर दोन दिवसांच्या आत एक पानभर नोंद करावी. तीत कार्यक्रमाचा प्रकार, उपस्थिती, तुमच्याकडे नेमके काय होते, ठरलेले आणि प्रत्यक्ष वेळापत्रक यांत कुठे फरक पडला, आणि खर्चाची माहिती असल्यास अंदाज व प्रत्यक्ष आकडा असावा. नकाशा, क्यू शीट, सामानाची यादी अशी स्वतः तयार केलेली कागदपत्रे सोबत जोडावीत. मुलाखत घेणारा फोटोंचा अल्बम चाळून बाजूला ठेवतो, पण ‘दुपारी दोनला मांडव मिळणार होता, साडेचारला मिळाला, म्हणून ध्वनीची तपासणी पुढे ढकलून आधी प्रकाशयोजना पूर्ण केली’ अशी नोंद त्याला थांबायला लावते. ग्राहकाचे नाव, पाहुण्यांची यादी आणि फोन क्रमांक मात्र या संग्रहात ठेवू नयेत, आणि छायाचित्रे परवानगीनेच वापरावीत.

पहिला स्वतंत्र कार्यक्रम

लग्नापासून सुरुवात करू नये. पन्नास ते शंभर माणसांचे बारसे, साठीशांत, पुस्तक प्रकाशन किंवा सोसायटीची दिवाळी पहाट हे पहिल्या कामासाठी योग्य आकाराचे प्रसंग आहेत. ग्राहकाशी पहिल्या भेटीत सजावटीची चित्रे दाखवण्याऐवजी तारीख, जागा, माणसे आणि एकूण रक्कम हे चार आकडे निश्चित करून घ्यावेत. त्यातला एक बदलला की बाकीचे बदलतात, हे त्याला तेव्हाच समजावून द्यावे. अंदाजपत्रकात सुमारे दहा टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी वेगळी दाखवावी आणि स्वतःचा मोबदला निराळ्या ओळीत लिहावा; पुरवठादाराकडून गुपचूप दलाली घेण्याची प्रथा या धंद्यात आहे, पण ती उघडकीस आली की त्या गावात दुसरे काम मिळत नाही.

आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय जागा किंवा पुरवठादार यांना शब्द देऊ नये. कार्यक्रम रद्द झाल्यास किंवा तारीख पुढे गेल्यास कोणती रक्कम परत मिळेल, हे कोटेशनमध्येच मराठीत, साध्या शब्दांत लिहावे. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे जाईपर्यंत जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे बंधनकारक नसते, तरी व्यवसायासाठी बँकेत वेगळे खाते पहिल्या कामापासूनच ठेवावे आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद) करून घ्यावी. ती ऑनलाइन आणि विनामूल्य होते. पुरवठादारांचे उरलेले पैसे ठरल्या दिवशी चुकते करावेत, कारण पुढच्या हंगामात एकाच तारखेला तीन मुहूर्त आल्यावर साउंडवाला आधी कुणाचा फोन उचलेल, हे त्यावरच ठरते.